पुनरुज्जीवित अमेरिकन 'मसल कार'चे लिलावमूल्य : अस्सलपणाच्या खुणा आणि त्यांचे वाचन

जुन्या वस्तूचे मोल ठरविताना तिचे वय, तिची दुर्मिळता आणि तिची सुस्थिती ह्या तीन गोष्टी पाहाव्यात, असा सर्वसाधारण समज आहे. नाणी, चित्रे, हस्तलिखिते ह्यांच्या व्यवहारात तो बव्हंशी उपयोगी पडतो. परंतु अमेरिकेतील लिलावगृहांत गेल्या काही दशकांत ज्या एका वस्तुवर्गाला फार मोठी किंमत येऊ लागली आहे, त्याच्या बाबतीत हे तीन निकष पुरेसे ठरत नाहीत. हा वर्ग म्हणजे साधारणतः १९६४ ते १९७४ ह्या काळात तयार झालेल्या आणि 'मसल कार' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारींचा. ह्या वर्गातील दोन मोटारी एकाच वर्षीच्या, एकाच कारखान्यातील, एकाच रंगाच्या आणि सारख्याच सुस्थितीत असल्या, तरी एकीला दुसरीच्या अनेक पट किंमत येते आणि फरकाचे कारण डोळ्यांना दिसत नाही. ते कारण धातूवर ठोकलेल्या काही अक्षरांत, आसनाखाली दडलेल्या एखाद्या कागदात आणि लिलावाच्या सूचीत छापलेल्या दोन-चार विशेषणांत असते. म्हणून अशा मोटारीचे मूल्यमापन हे यांत्रिकाच्या कौशल्याइतकेच वाचकाच्या कौशल्याचेही काम ठरते. प्रस्तुत लेखात ह्या वाचनाची पद्धत, तिच्या मर्यादा आणि तिच्यातून उभा राहणारा अस्सलपणाचा प्रश्न ह्यांचे विवेचन केले आहे.

१. वर्गाची ओळख

मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या आणि माफक किमतीच्या मोटारीत मोठ्या मोटारीसाठी तयार केलेले आठ सिलिंडरांचे बलवान इंजिन बसविणे, हे मसल कारचे व्यावर्तक लक्षण होय. तिचा आरंभ सामान्यतः १९६४च्या पाँटियाक जीटीओपासून मानतात. जनरल मोटर्सच्या तत्कालीन धोरणानुसार मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसविण्यास मनाई होती. पाँटियाक विभागाचे मुख्य अभियंते जॉन डेलोरियन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ३८९ घन इंचांचे इंजिन स्वतंत्र गाडी म्हणून बाजारात न आणता, 'टेम्पेस्ट ल माँ' ह्या गाडीबरोबर ग्राहकाने मागितल्यास मिळणारा ऐच्छिक संच म्हणून दिले आणि त्या नियमातून वाट काढली.

ही वरवर किरकोळ वाटणारी तरतूद मूल्यमापनाच्या पुढील साऱ्या अडचणींचे मूळ आहे. बलवान गाडी आणि साधी गाडी ह्यांचा पत्रा एकच. भेद तेवढा मागणीपत्रकावर केलेल्या खुणेचा. १९७० सालच्या प्लिमथ बॅराकुडाच्या 'कुडा' प्रकारात ४२६ घन इंचांचे 'हेमी' इंजिन घेण्यास ग्राहकाला साडेआठशे डॉलरांहून थोडी अधिक रक्कम द्यावी लागे. ती फारच थोड्यांनी दिली. त्या वर्षी हेमी इंजिनाच्या बंद टपाच्या कुडा ६५२ आणि उघडणाऱ्या टपाच्या अवघ्या १४ तयार झाल्या. १९७१ साली उघडणाऱ्या टपाच्या हेमी कुडांची संख्या ११ एवढीच भरते. त्याच सांगाड्यावर लहान इंजिने बसविलेल्या बॅराकुडा मात्र हजारोंच्या संख्येने बाहेर पडल्या. दुर्मिळता ही अशा रीतीने गाडीच्या रूपात नसून तिच्या जन्माच्या नोंदीत आहे.

हे युग अल्पायुषी ठरले. विम्याचे वाढते हप्ते, १९७०चा हवाशुद्धीविषयक संघराज्यीय कायदा, त्यापायी इंजिनांच्या दाबगुणोत्तरात झालेली घट आणि १९७३चे तेलसंकट ह्यांमुळे ह्या गाड्यांचे उत्पादन ओसरले. पुढील काही वर्षे त्या केवळ जुन्या, पेट्रोल पिणाऱ्या आणि स्वस्त गाड्या होत्या. ज्या गाड्या वेगाच्या हौसेने घेतल्या गेल्या, त्यांचीच इंजिने शर्यतींत आधी निकामी झाली आणि बदलली गेली. आज ज्या भागाच्या अस्सलपणाला सर्वांत अधिक मोल येते, तोच भाग टिकण्याची शक्यता मुळात सर्वांत कमी होती, ही गोष्ट मूल्यमापकाने सदैव ध्यानात ठेवावी लागते.

२. ओळखक्रमांकाचे व्याकरण

१९८१च्या प्रतिरूप-वर्षापासून अमेरिकेत मोटारींना सतरा चिन्हांचा एकसाची ओळखक्रमांक मिळू लागला. तत्पूर्वी प्रत्येक उत्पादकाची पद्धत स्वतंत्र होती आणि त्या पद्धतींतील भेद भाषाभ्यासकाला परिचित वाटावा असा आहे.

क्रायस्लर समूहाच्या एखाद्या गाडीचा क्रमांक 'बीएस२७आर१बी' असा सुरू होतो असे धरू. ह्यातील पहिला 'बी' गाडीची जात म्हणजे बॅराकुडा दर्शवितो. 'एस' तिची किंमतश्रेणी. '२७' उघडणारा टप. 'आर' ४२६ घन इंचांचे हेमी इंजिन. '१' हे १९७१ वर्ष. आणि शेवटचा 'बी' मिशिगन राज्यातील हॅमट्रॅमक येथील कारखाना. त्यापुढे सहा आकडी अनुक्रमांक येतो. फोर्डच्या क्रमांकातही इंजिनाचा निर्देश असतो. '८आर०२एस' ह्या आरंभावरून १९६८ साल, कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील कारखाना, उतरत्या पाठीची मस्टँग आणि ३९० घन इंचांचे इंजिन एवढी माहिती मिळते.

शेव्हरोलेची पद्धत ह्याहून वेगळी होती. '१३६३७०एल' ह्यातील '१' म्हणजे शेव्हरोले विभाग, '३६' म्हणजे आठ सिलिंडरांची शेव्हेल मालिबू, '३७' म्हणजे दोन दारांचे शरीर, '०' म्हणजे १९७० आणि 'एल' म्हणजे कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथील कारखाना. ३०७ घन इंचांचे, २०० अश्वशक्तीचे साधे इंजिन घेऊन बाहेर पडलेली मालिबू आणि ४५४ घन इंचांचे, ४५० अश्वशक्तीचे 'एलएस६' इंजिन घेऊन बाहेर पडलेली 'सुपर स्पोर्ट' ह्या दोहोंचाही क्रमांक असाच सुरू होतो. १९६६ ते १९६८ ह्या तीन वर्षांत 'एसएस ३९६' गाड्यांना '१३८' ही स्वतंत्र मालिका होती; १९६९पासून 'सुपर स्पोर्ट' हा केवळ ऐच्छिक संच झाला आणि क्रमांकाने त्याविषयी मौन धरले. पाँटियाकमध्ये ह्याच्या उलट घडले. १९६४ व १९६५ साली संच असलेल्या जीटीओला १९६६पासून '२४२' ही स्वतःची मालिका मिळाली.

मराठीत 'आला' आणि 'आली' ह्यांतून कर्त्याचे लिंग क्रियापदात सांगावेच लागते. इंग्रजी क्रियापद ते सांगत नाही, संदर्भावर सोडते. क्रायस्लरच्या क्रमांकात इंजिन हे असे अनिवार्यपणे सांगितले जाणारे लक्षण आहे, तर त्या काळच्या शेव्हरोलेच्या क्रमांकात ते संदर्भावर सोपविलेले आहे. ह्या भेदाचा बाजारावर थेट परिणाम होतो. हेमी कुडाची बतावणी करू पाहणाऱ्याला ओळखक्रमांकच बदलावा लागतो आणि हेतुपुरस्सर तसे करणे हा अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यानुसार गुन्हा आहे. मालिबूला 'एलएस६'चे रूप देणाऱ्याला मात्र क्रमांकाला हातही लावावा लागत नाही. म्हणून शेव्हेलच्या बाबतीत क्रमांकाबाहेरील पुराव्याला अधिक वजन येते.

क्रमांकाचे वाचन एका ठिकाणी करून भागत नाही. १९६८-६९पासून तो समोरच्या काचेतून दिसेल अशा रीतीने डॅशबोर्डवरील पट्टीवर असतो. पट्टी विशिष्ट, फुलासारख्या माथ्याच्या रिव्हेटांनी बसविलेली असते आणि ती रिव्हेटे बदललेली असल्यास संशयास जागा होते. ह्याखेरीज क्रमांकाचा काही अंश सांगाड्याच्या सहज न दिसणाऱ्या भागांवरही ठोकलेला असतो. पट्टी बदलणे सोपे; सर्व ठिकाणच्या खुणा एकमेकींशी जुळविणे अवघड.

३. इंजिनाची साक्ष

'जुळणारे क्रमांक' ही ह्या व्यवहारातील सर्वाधिक मोलाची आणि सर्वाधिक संदिग्ध संज्ञा होय. काटेकोर अर्थ असा की, इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर ठोकलेला अंशक्रमांक गाडीच्या ओळखक्रमांकाशी जुळतो. म्हणजे हेच इंजिन ह्याच गाडीत कारखान्यात बसविले गेले. सैल अर्थ असा की, इंजिन त्या जातीचे, त्या काळचे आणि योग्य ओतीव क्रमांकाचे आहे. पहिल्या अर्थाने ते त्या गाडीचे असते; दुसऱ्या अर्थाने ते त्या गाडीसारख्या दुसऱ्या कोणत्याही गाडीचे असू शकते. सूचीत एकच शब्दप्रयोग दोन्ही अर्थांनी येतो आणि दोन अर्थांमधील अंतर हजारो, प्रसंगी लाखो डॉलरांचे असते.

काटेकोर अर्थ सिद्ध करण्यासाठी तारखांचा क्रम तपासावा लागतो. शेव्हरोलेच्या ओतीव लोखंडावरील 'बी १२ ०' ह्या खुणेत 'बी' हा वर्षाचा दुसरा महिना, '१२' ही तारीख आणि '०' हा वर्षाचा अंत्य अंक. तो १९६० असेल की १९७०, हे खुणेवरून कळत नाही. ओतीव क्रमांकावरून ठरवावे लागते. इंजिनाच्या पुढील सपाट भागावर 'टी०२१८' असे आढळल्यास न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा येथील कारखान्यात १८ फेब्रुवारीस जुळणी झाली, असा अर्थ होतो. गाडीच्या शरीरावरील पट्टीवर '०३बी' असल्यास शरीर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातील. ओतकाम, मग जुळणी, मग गाडी, हा क्रम येथे सुसंगत आहे. त्याच गाडीत एप्रिलमध्ये जुळविलेले इंजिन निघाले, तर ते जन्माचे इंजिन नव्हे, हे उघड होते. दोन-तीन आठवड्यांचे अंतर स्वाभाविक, अनेक महिन्यांचे अंतर स्पष्टीकरण मागणारे आणि उलटा क्रम अशक्य.

तथापि खुणाही बनावट असू शकतात. इंजिनाची दुरुस्ती करताना तो सपाट भाग यंत्रावर तासला गेला की मूळ अक्षरे नाहीशी होतात आणि तेथे नवी ठोकता येतात. म्हणून तज्ज्ञ केवळ अक्षरे वाचीत नाहीत. अक्षरांखालील पृष्ठभाग वाचतात. कारखान्यातील तासणीने त्या भागावर बारीक समांतर रेषा उमटत. त्या रेषा शाबूत असतील आणि अक्षरे त्यांच्यावर ठोकलेली असतील, तर साक्ष बळकट. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असेल किंवा रेषांची दिशा वेगळी असेल, तर अक्षरे कितीही बिनचूक असली तरी ती संशयास्पद ठरतात. पोथीतील पाठाइतकेच तिच्या कागदाला व शाईला महत्त्व देणाऱ्या पाठचिकित्सकाची ही दृष्टी आहे.

४. कागदपत्रे

धातूची साक्ष अपुरी पडते तेथे कागद पुढे येतो. जुळणीच्या ओळीवरील कामगारांसाठी प्रत्येक गाडीचा एक तक्ता छापला जात असे. त्यात इंजिन, रंग, आसने, चाके इत्यादींचे संकेत असत. काम संपल्यावर त्याची उपयुक्तता संपे आणि तो बहुधा गाडीतच कोठेतरी राहून जाई. क्रायस्लरच्या गाड्यांत तो मागील आसनाच्या स्प्रिंगांत, तर जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या अंगास सापडतो. जतन करण्याचा कोणाचाही हेतू नसताना जतन झालेला हा कागद आज सर्वोत्तम पुराव्यांत गणला जातो, कारण तो विक्रीसाठी लिहिलेला नव्हता.

ह्याखेरीज १९५८च्या कायद्यान्वये नव्या गाडीच्या काचेवर चिकटवावे लागणारे किंमतपत्रक, विक्रेत्याचे बीजक, शेव्हरोलेच्या हमीपुस्तिकेत बसविलेली धातूची छोटी पट्टी आणि क्रायस्लरच्या इंजिनकक्षात स्क्रूने बसविलेली संकेतपट्टी हे पुरावे आहेत. कारखान्याच्या दप्तराची उपलब्धता मात्र विषम आहे. पाँटियाकच्या गाड्यांची मूळ बीजके 'पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस' ह्या संस्थेकडून नकलेच्या रूपाने मिळतात. १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादननोंदींवरून तयार होणारा 'मार्टी रिपोर्ट' सर्वमान्य आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हरोलेंच्या बाबतीत असे सर्वसमावेशक दप्तर अभ्यासकांच्या हाती नाही. कॅनडात विकल्या गेलेल्या गाड्यांची माहिती मात्र जनरल मोटर्सच्या कॅनडातील शाखेने पुरविलेली आहे. ज्या गाडीचा क्रमांक सर्वांत अबोल, तिच्याच दप्तराची वाणही सर्वांत अधिक, असा हा योग आहे. कागदासह आलेली 'एलएस६' शेव्हेल आणि कागदाविना आलेली तशीच शेव्हेल ह्यांच्या किमतींतील तफावत येथून निर्माण होते. नव्याने छापलेली किंमतपत्रके आणि नव्याने घडविलेल्या संकेतपट्ट्या उघडपणे विकत मिळत असल्यामुळे कागदाचीही चिकित्सा आवश्यक ठरते.

५. जीर्णोद्धाराची प्रत

ओळख निश्चित झाल्यावरच स्थितीचा विचार करावा. अमेरिकेत प्रचलित असलेल्या हॅगर्टी ह्या विमाकंपनीच्या मूल्यसूचीत स्थितीच्या चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी प्रदर्शनात अग्रस्थानी शोभेल अशा गाडीची. दुसरी उत्कृष्ट, पण बारकाईने पाहिल्यास किरकोळ दोष दिसणारीची. तिसरी नेहमी चालविता येणाऱ्या चांगल्या गाडीची. चौथी दोष ठळकपणे दिसणाऱ्या, तरीही चालू असलेल्या गाडीची. एका पायरीच्या फरकाने किंमत मोठ्या प्रमाणात बदलते. आपली गाडी एक पायरी वरची मानण्याकडे मालकाचा स्वाभाविक कल असतो.

तपासणीत पत्र्याची जाडी आणि त्यावरील लेप मापकाने मोजतात. लोहचुंबक नीट चिकटत नसेल तेथे पुट्टी भरलेली असण्याचा संभव असतो. दारे, बॉनेट व डिकी ह्यांच्या फटी सर्वत्र सारख्या आहेत का, खालच्या अंगास वेल्डिंगचे ठिपके कारखान्यातील पद्धतीचे आहेत का, मागील चाकांवरचा पत्रा मूळ आहे की अलीकडे घडविलेला, हे पाहावे लागते. १९६७ ते १९६९ ह्या काळातील मस्टँग व कॅमॅरो ह्यांचे संपूर्ण सांगाडे आज नव्याने घडवून विकले जातात. जुन्या गाडीची एक पट्टी आणि नवा सांगाडा ह्यांच्या संयोगातून उभी राहिलेली वस्तू जुनी म्हणावी की नवी, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक राहत नाही.

अतिरेकी जीर्णोद्धार हा स्वतंत्र दोष आहे. कारखान्यात ह्या गाड्या झपाट्याने रंगविल्या जात. रंगाचा फवारा नको तेथे उडे, थेंब ओघळत, पत्र्याचे सांधे ओबडधोबड राहत, तपासनीस खडूने व रंगाने खुणा करीत. जीर्णोद्धारकाने सर्व काही आरशासारखे चकचकीत केले, तर गाडी जन्मवेळी नव्हती तेवढी सुंदर दिसते आणि जाणता परीक्षक तिचे गुण कापतो. म्हणून उत्तम जीर्णोद्धारक मूळ दोषांचीही नोंद करून ते पुन्हा घडवितो. खर्चाचा मुद्दा ह्याला जोडूनच येतो. साधी मालिबू आणि 'एलएस६' ह्यांच्या जीर्णोद्धाराला श्रम जवळजवळ सारखेच लागतात, परंतु लिलावात श्रमाला किंमत येत नाही. ती ओळखीला येते. सामान्य गाडीवर केलेला असामान्य खर्च विक्रीत भरून निघत नाही, हे त्यामुळेच.

६. सूचीतील विशेषणे

लिलावाच्या सूचीत 'मूळ', 'जीर्णोद्धारित', 'योग्य', 'तारखेस अनुरूप', 'प्रतिकृती', 'आदरांजली' अशा अर्थाच्या इंग्रजी संज्ञा येतात. त्यांची छाननी करताना मराठी दप्तरातील जुन्या शब्दांची मदत होते. ऐतिहासिक कागदांत 'अस्सल' आणि 'नक्कल' हा भेद स्पष्ट असे. नकलेवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असे नमूद केलेले असल्यास ती प्रामाणिक नक्कल ठरे. मसल कारच्या बाजारातही साध्या मालिबूपासून तयार केलेली 'एसएस'ची प्रतिकृती, ती प्रतिकृती आहे असे सांगून विकली, तर निर्दोष वस्तू होय. तिला तिची स्वतःची, माफक, पण योग्य किंमत येते. तीच गाडी न सांगता विकली, तर बनावट ठरते. वस्तू तीच, भेद विधानाचा.

'योग्य' ह्या विशेषणाकडे विशेष सावधपणे पाहावे. 'योग्य इंजिन' म्हणजे त्या जातीचे इंजिन. जन्माचे इंजिन असते, तर विक्रेत्याने तसेच म्हटले असते. अधिक बलवान विधान करणे फायद्याचे असताना दुर्बल विधान केलेले असल्यास बलवान विधान करता येत नाही असे अनुमान निघते. सूचीत काय लिहिले आहे ह्याइतकेच काय लिहिलेले नाही हे वाचणे, हा मूल्यमापनाचा भाग आहे.

'जीर्णोद्धार' ह्या मराठी शब्दाचा संस्कारही येथे तपासून घ्यावा लागतो. देवळाचा जीर्णोद्धार झाला, जुने दगड गेले, नवे आले, तरी देवस्थान तेच राहते. त्याचे माहात्म्य स्थानात असते. मोटारीच्या लिलावात असे सातत्य गृहीत धरले जात नाही. तेथे प्रत्येक बदललेला भाग मूळ ओळखीतून वजा होतो आणि उरलेल्या भागांवर ओळखीचा भार पडतो.

७. बोली आणि किंमत

इतके झाल्यावर तुलनीय विक्रींचा आधार घेऊन अंदाज बांधता येतो. वर्ष, इंजिन, गिअरबॉक्स, शरीराचा प्रकार, कागदपत्रे आणि स्थिती ह्या सर्व बाबतींत जवळची असलेली अलीकडची दोन-चार उदाहरणे घ्यावीत आणि फरकाप्रमाणे अंदाज वरखाली करावा. येथे तीन पथ्ये पाळावी लागतात.

पहिले, बोली म्हणजे विक्री नव्हे. विक्रेत्याने राखीव किंमत ठरविली असल्यास तिच्या खालची बोली निष्फळ ठरते. उघडणाऱ्या टपाची १९७१ सालची एक हेमी कुडा २०१४ साली मेकम ह्या लिलावसंस्थेच्या सिअ‍ॅटल येथील लिलावात ३५ लक्ष डॉलरांना गेली. त्याच जातीच्या दुसऱ्या गाडीवर २०२१ साली मेकमच्याच इंडियानापोलिस येथील लिलावात ४८ लक्ष डॉलरांपर्यंत बोली चढली, पण विक्री झाली नाही. ३५ लक्ष ही किंमत आहे. ४८ लक्ष हे त्या दिवशी कोणीतरी देऊ केलेले आणि मालकाने नाकारलेले मोल आहे. दोन्ही आकडे उपयुक्त, परंतु त्यांची जात वेगळी.

दुसरे, हातोडा पडतो ती रक्कम आणि खरेदीदार देतो ती रक्कम ह्यांत अधिभाराचे अंतर असते. ते बहुधा शेकडा दहाच्या आसपास असते. वृत्तांत कधी एक, कधी दुसरी रक्कम छापली जाते. तिसरे, लिलाव दोन इच्छुकांच्या स्पर्धेवर चालतो. त्या दिवशी त्या दालनात दुसरा इच्छुक नसेल, तर उत्तम गाडीही स्वस्त जाते. दोन हट्टी इच्छुक समोरासमोर आले, तर मध्यम गाडीही विक्रम करते. शिवाय बाजाराची भरती-ओहोटी आहेच. २००६-०७च्या सुमारास चढलेल्या मसल कारच्या किमती २००८च्या आर्थिक संकटानंतर बऱ्याच खाली आल्या होत्या. भरतीच्या काळातील एकच आकडा प्रमाण मानणे त्यामुळे धोक्याचे.

८. एक प्रतिउदाहरण आणि निष्कर्ष

'बुलिट' ह्या १९६८ सालच्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन ह्यांनी चालविलेली हिरवी मस्टँग १९७४ साली एका कुटुंबाने सुमारे ६,००० डॉलरांना घेतली आणि काही काळ घरगुती गाडी म्हणून वापरली. १९७७ साली मॅक्वीन ह्यांनी पत्र लिहून ती परत मागितली. कुटुंबाने ती दिली नाही. पुढे ती अनेक वर्षे लोकांच्या दृष्टीआड राहिली आणि २०१८ साली प्रकट झाली. तिचा रंग उडालेला होता, पत्र्यावर पोचे होते, गंज होता आणि चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यासाठी केलेल्या जोडण्यांच्या खुणाही होत्या. कोणी हौशी मालकाने तिचा जीर्णोद्धार केला असता, तर ह्या खुणा प्रथम बुजविल्या गेल्या असत्या. १० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातील किसिमी येथे मेकमच्या लिलावात तिच्यावर ३४ लक्ष डॉलरांना हातोडा पडला. अधिभारासह ही रक्कम ३७ लक्ष ४० हजार डॉलर झाली. '८आर०२एस' ने सुरू होणारा क्रमांक, मॅक्वीन ह्यांचे पत्र आणि त्या जोडण्यांच्या खुणा एकमेकांना दुजोरा देत होत्या. चित्रपटाची कीर्ती हा ह्या किमतीतील अपवादात्मक घटक खरा. परंतु ती कीर्ती ह्याच गाडीची आहे, हे सिद्ध झाल्यावाचून तिचा उपयोग नव्हता.

ह्यावरून जीर्णोद्धाराची मूलभूत अडचण स्पष्ट होते. जीर्णोद्धार वस्तू वाचवितो आणि त्याच हाताने पुरावा पुसतो. गंज काढताना तपासनिसाची खडूची खूण जाते. इंजिन दुरुस्त करताना तासणीच्या रेषा जातात. आसन नव्याने मढविताना आतला तक्ता केराच्या टोपलीत जातो. गंजून नष्ट होणाऱ्या गाडीला हात न लावणे हा पर्याय नेहमीच उपलब्ध नसतो. अशा वेळी काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक खुणेचे छायाचित्र घेणे, काढलेले भाग जपून ठेवणे आणि काय बदलले ह्याची प्रामाणिक नोंद ठेवणे, हे जीर्णोद्धारकाचे पहिले कर्तव्य ठरते. अशी नोंद गाडीबरोबर आली, तर बदललेल्या भागांनीही विश्वास वाढतो. ती नसेल, तर अस्सल भागांविषयीही शंका उत्पन्न होते.

मूल्यमापनाचा क्रम त्यामुळे आपोआप ठरतो. प्रथम गाडीची ओळख, मग इंजिनाची साक्ष, मग कागदपत्रे, मग कारागिरी, आणि सर्वांत शेवटी बाजार. सामान्य खरेदीदार हा क्रम उलटा लावतो. चकाकत्या रंगाने तो भारावतो, अलीकडच्या विक्रमी बोलीने धीट होतो आणि इंजिनावरील अक्षरे गाडी घरी आल्यावर पाहतो. तोपर्यंत हातोडा पडलेला असतो, आणि 'आहे त्या स्थितीत' विकल्या जाणाऱ्या गाडीची किंमत त्याने एका विशेषणावर विसंबून दिलेली असते.